घोड्याला पक्ष नसतो

मन्नाएखेळ्ळीच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक खोगीर पडून आहे. चामडे वाळून तडकले आहे, एक रिकीब कधीच हरवली. घरी येणारी मुले ते पाहतात आणि हमखास विचारतात, ‘‘डॉक्टरआजोबा, हे तुमच्या घोड्याचं का?’’ मी म्हणतो, ‘‘घोडी आमची होती, खोगीर आमचं नाही.’’ या उत्तरामागची हकीकत मी शेवटी सांगणार आहे. आधी विषयाकडे वळू: तरुण माणूस, त्याचा घोडा आणि युद्ध.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. हमरस्त्यावरच्या एका लहान गावात साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. आमच्या शास्त्रात रोग कोणता एवढेच विचारून भागत नाही, तो कोणाला झाला आहे हेही विचारावे लागते. युद्धाच्या हकीकती वाचताना माझी तीच खोड जागी होते. कोण जिंकले हे पुस्तकात असते. स्वाराखाली जो जीव धावत होता, त्याला काय समजत होते, हे मला विचारावेसे वाटते.

आधी तो जीव ओळखून घेऊ. घोडा हे शिकार करणारे नव्हे, शिकार होणारे जनावर आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या मागे थोडी जागा आंधळी राहते. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात, आणि जिवाच्या आकांताने पळताना ते २०० च्या वर जातात. अंगावर बसलेली माशी त्याला कळते, तशीच स्वाराच्या मांडीची पकड सैल झाली की घट्ट झाली, हेही कळते. वर बसलेला माणूस घाबरला की खालचा घोडा बिथरतो, हे कोणताही जुना मोतद्दार सांगेल. निसर्गाने त्याला एकच शहाणपण शिकवले आहे: भीती वाटली की पळ. असा हा भित्रा प्राणी तोफेच्या दिशेने धावतो, हेच मुळात नवल आहे. त्याला तोफेचे कारण ठाऊक नसते. पाठीवरचा माणूस ठाऊक असतो.

ही ओळख होते कशी? आपल्या मराठी लष्करी भाषेतले दोन शब्द येथे उपयोगी पडतात, बारगीर आणि शिलेदार. बारगीर म्हणजे सरकारी पागेतला घोडा मिळालेला स्वार, आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. आज आपण ‘शिलेदार’ हा शब्द कोणाही कर्तबगार सहकाऱ्याला लावतो, पण त्या मानाखाली एक रोजचा व्यवहार होता. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजी जात असे. म्हणून तो आधी घोड्याला पाणी दाखवी आणि मग स्वतः पीत असे. पहाटे उठून खरारा करणे, खुरातला खडा काढणे, तोबऱ्यात हरभऱ्याची चंदी देणे, अगाडी-पिछाडी स्वतःच्या हाताने बांधणे, ही त्याची दिनचर्या होती. जिव्हाळा त्यातूनच वाढे. घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल, तर ही कामे बहुधा त्याच्याकडे येत. घोड्याचा हुंकार कशासाठी आहे, हे त्याला बापाच्या आधी कळू लागे.

ही पद्धत मराठ्यांबरोबर संपली नाही. इंग्रजांनी आपल्या घोडदळात तीच उचलली, आणि पहिल्या महायुद्धानंतरच ती बंद केली. निजामाच्या मुलखात हैदराबाद कंटिन्जंटचे रिसाले होते. हिंगोली, औरंगाबाद, बोलारम आणि तेव्हाचे मोमिनाबाद, म्हणजे आपले अंबाजोगाई, या छावण्यांत त्यांचे तबेले असत. १९०३ मध्ये याच रिसाल्यांतून ‘डेक्कन हॉर्स’ ही नावे पुढे आली. त्यांपैकी २० व्या डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर, हाय वूड नावाच्या रानाजवळ, हाती भाले घेऊन मशीनगनच्या काळात घोडे घातले. ते रान कोणाचे, शत्रू कोण, हे घोड्यांना काय ठाऊक असणार?

दीड वर्षाने, १ डिसेंबर १९१७ रोजी, त्याच फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत लान्स-दफेदार गोविंदसिंग या राठोड स्वाराने वेढ्यातला निरोप पोहोचवण्याचे काम तीनदा पत्करले. वाट सुमारे दीड मैलाची होती आणि सगळी गोळ्यांच्या माऱ्याखाली. तिन्ही वेळा त्याचा घोडा खाली पडला, आणि तिन्ही वेळा तो उरलेली वाट पायी गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो योग्यच होता. पण तीन घोड्यांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत.

आता आपल्या घरातली कथा घ्या. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशीची राणी लक्ष्मीबाई किल्ला सोडून निघाली. तेव्हा तिने तिशी ओलांडली नव्हती. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेढ्यात झाशीतच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. राणी घोड्यांची मोठी पारखी होती. दत्तक मुलगा दामोदर याला बरोबर घेऊन झाशी ते काल्पी हे सुमारे शंभर मैलांचे अंतर तिने घोड्यावर तोडले. इतकी मजल मारायला नुसता जातिवंत घोडा पुरत नाही, स्वार आणि घोडा यांचा श्वास जुळलेला असावा लागतो.

त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ ती पडली. त्या दिवशी तिच्याखाली नेहमीचा घोडा नव्हता, नवा होता, आणि एका नाल्याशी येऊन तो अडला, अशी हकीकत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्ही दात-ओठ खात म्हणायचो, ‘‘घोड्यानं दगा दिला!’’ आज मला तो शब्द बोचतो. पुढचे पाणी किती खोल आहे याचा अंदाज घोड्याला काठावरून येत नाही. ओळखीचा स्वार असेल तर तो त्याच्या भरवशावर उडी घेतो. अनोळखी स्वार असेल तर निसर्गाने शिकवलेले तेच करतो, म्हणजे थांबतो. दगा द्यायला आधी पक्ष घ्यावा लागतो. त्या घोड्याने कोणाचाच पक्ष घेतला नव्हता, आणि राणीशी नाते जुळायला त्याला दिवसच मिळाले नव्हते. असे नाते हुकमाने मिळत नाही, रोजच्या खराऱ्यानेच मिळते.

जिंकणाऱ्यांच्या घोड्यांचे तरी काय झाले? पहिल्या महायुद्धात हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर संस्थानांचे लान्सर्स इजिप्त-पॅलेस्टाईनच्या आघाडीवर होते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा घेतले ते जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात या तीन संस्थानांच्या स्वारांची स्मृती उभी आहे. पण युद्ध संपल्यावर त्या आघाडीवरच्या ब्रिटिश सैन्याचे हजारो घोडे इजिप्तमध्येच विकले गेले. डोरोथी ब्रुक नावाची इंग्रज बाई १९३० मध्ये कैरोला गेली, तेव्हा ते म्हातारे घोडे हाडांचे सापळे होऊन गाड्या ओढताना तिला दिसले. तिने वर्तमानपत्रातून हाक दिली, पैसे जमवले आणि सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. बहुतेकांना सुखाने मरण देण्याखेरीज काही उरले नव्हते. १९३४ मध्ये तिने जनावरांसाठी दवाखाना काढला, आणि ते काम आजही चालू आहे. विजयाचा घोडा आणि पराभवाचा घोडा एकाच बाजारात उभे राहतात, ते असे.

आपल्या खंडोबाच्या कथेतही हे आहे. भालकी तालुक्यातल्या मैलारला किंवा नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेला तुम्ही गेला असाल. माळेगावात तर देवाच्या दारात घोड्यांचा बाजार भरतो. देव ज्या पांढऱ्या घोड्यावर बसला आहे, तो मणि दैत्याने शेवटी अर्पण केलेला, असे कथा सांगते. म्हणजे आपण ज्याला हळद वाहतो, तो घोडा मूळचा शत्रूकडचा. देवाने त्याला कोणाच्या बाजूचा म्हणून विचारले नाही. आम्हा जैनांच्या तिसऱ्या तीर्थंकरांचे, संभवनाथांचे, लांछनही घोडाच आहे.

आता माळ्यावरचे खोगीर.

१९४८ साली आमचे अण्णा सोळा वर्षांचे होते. घरचा कापडाचा धंदा होता. हुमनाबाद, चिटगुप्प्याच्या बाजाराला गठ्ठे नेण्यासाठी एक तांबडी घोडी होती आणि तिचे सगळे अण्णांकडे. रझाकारांचे ते दिवस होते. श्रावणात एक हत्यारबंद टोळी आली आणि दावणीची घोडी सोडून घेऊन गेली. अण्णा आडवे गेले, तर त्यांना ढकलून दिले. त्यांना लागले ते त्याचे नाही. घोडी मुकाट्याने गेली, मागे वळून ओरडलीही नाही, याचे लागले.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज सरहद्द ओलांडून आली. नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर करत रणगाडे याच सोलापूर-हैदराबाद रस्त्याने पुढे गेले. १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. दशलक्षण पर्वाचे दिवस होते. त्याच रात्री कधीतरी घोडी आपली आपण परत आली. पहाटे अण्णा दार उघडतात तो ती ओट्यापाशी उभी. अंग चिखलाने भरलेले आणि पाठीवर परके खोगीर.

ते खोगीर पाहून अण्णांचे डोके फिरले. हिने त्यांना वाहिले, त्यांच्याबरोबर गावोगाव फिरली. त्यांनी खुंटीवरचा चाबूक काढला आणि तिला मारले. ती पळाली नाही. कान मागे पाडून तिथेच उभी राहिली, कारण मारणारा हात ओळखीचा होता. आजीने येऊन चाबूक हिसकावला. खोगीर उतरवले तेव्हा खाली पाठ सोलून निघालेली होती.

त्या आठवड्यात आणि पुढेही आपल्या या मुलखात कितीतरी निरपराध माणसांनाही तू कोणाच्या बाजूचा, एवढ्याच प्रश्नावर शिक्षा झाली. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते ठाऊक असेल. अण्णा त्यावर फार बोलत नसत. घोडीचेच सांगत.

दोन दिवसांनी क्षमावाणी होती. त्या दिवशी आम्ही लहान-मोठे सगळे एकमेकांची क्षमा मागतो, आणि पाठात तिर्यंच म्हणजे पशुपक्षीही येतात. अण्णा मंदिरातून आले ते थेट दावणीकडे गेले आणि घोडीच्या मानेला धरून उभे राहिले. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितले नाही. पाठ भरून यायला महिना लागला. हळद-तेल तेच लावत. त्यानंतर ती घरीच म्हातारी झाली आणि तिच्यावर पुन्हा खोगीर चढले नाही. परके खोगीर अण्णांनी फेकू दिले नाही. ‘‘राहू दे, मला आठवण हवी,’’ म्हणाले.

वाचकहो, डेक्कन हॉर्स आज रणगाड्यांची रेजिमेंट आहे. नावात घोडा उरला, तबेला गेला. रणगाड्याला भीती नसते, त्याला चाबूक मारून कोणाला पश्चात्तापही होत नाही. घोडा गेला तेव्हा युद्धातले एक साक्षीदार गेले, ज्याला पक्ष कळत नव्हता आणि माणूस कळत होता.

तुमच्या माळ्यावर, कोठीत, जुन्या वाड्याच्या खुंटीवर एखादा लगाम, एखादा तोबरा, नाल, घुंगरांची माळ असेल. घरात कोणी ऐंशी-नव्वदीचे असेल तर त्यांना एकदा विचारा, हे कोणाचे? आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसून राहा.