फ्लोराइड हाडातच का शिरतं?

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातलं बोअरचं पाणी आणि दातांवरचे तपकिरी डाग, हे तुम्ही ऐकलं असेल. यामागे अकरावीचीच आवर्तसारणी आहे.

ओळीत उजवीकडे जाताना प्रोटॉन वाढतात, इलेक्ट्रॉन मात्र त्याच कवचात राहतात, म्हणून अणू आक्रसतो. फ्लोरिनची त्रिज्या जेमतेम 64 पिकोमीटर. एक इलेक्ट्रॉन घेतला की आयन 133 चा! (मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत, तेव्हा 'दुप्पट झाला' असं परीक्षेत लिहू नका.) 9 प्रोटॉनना आता 10 इलेक्ट्रॉन सांभाळायचे असतात, त्यांचं आपसातलं प्रतिकर्षणही वाढतं. सोडियम आयनातही 10 च इलेक्ट्रॉन, पण प्रोटॉन 11, म्हणून तो 102 चा.

आता हाडातलं आणि दातातलं खनिज बघा: हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. त्यातला हायड्रॉक्साइड आयन साधारण 137 चा, भारही उणे एकच. फ्लोराइड त्याच्या जागी आरामात बसतं. क्लोराइड 181 चं, त्याला तिथं अडचण होते.

आपल्या संभाजीनगरात नळाला पाणी नसलं की आपण बोअरकडेच वळतो. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्याच.