मोडीत काढण्यापूर्वी

नोकरीनिमित्त मध्य प्रदेशातील बालाघाट येथे स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या वाचकाने पत्र पाठवून साधा प्रश्न विचारला आहे. मुलाच्या हट्टाखातर घेतलेली 'माउंटन बाइक' घरात धूळ खात पडली आहे. मुलगा शिक्षणासाठी नागपूरला गेला आणि वडिलांना ती जड सायकल दोन किलोमीटरांतच दमवते. ती विकावी, की बदल करून वापरावी? हा विषय अग्रलेखाचा आहे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते आहे. कारण अशाच सायकली सावंतवाडीपासून काणकोणपर्यंत कितीतरी घरांच्या पडवीत उभ्या आहेत.

बालाघाट हे नाव घाटमाथ्याचे. परंतु गाव वसले आहे वैनगंगेच्या काठी. वारासिवनी, कटंगीच्या बाजूला भातशेतीचा सखल मुलूख पसरला आहे. बैहरचा रस्ता धरला तरच गांगुलपाऱ्याच्या परिसरात चढ भेटतो. म्हणजे कचेरी, बाजार आणि टपालघर एवढाच ज्याचा फेरा आहे, त्याला डोंगरासाठी बांधलेल्या सायकलीचा उपयोग नाही, हे खरे. मात्र तिच्यातला डोंगर काढून टाकता येतो, हेही तितकेच खरे.

वजनाची भीती थोडी तपासून पाहावी. सायकल 18 किलोची आणि स्वार 65 किलोचा धरला, तर चाकांवर एकूण भार 83 किलोंचा. सायकलीतून तीन किलो कमी केले तरी हा भार चार टक्क्यांनीही घटत नाही. सपाट रस्त्यावर दम काढतात ते जाड दातेरी टायर, त्यांतील अपुरी हवा आणि प्रत्येक पायडलीबरोबर दबणारी पुढची स्प्रिंग. तेव्हा 26 इंची चाकावर दीड इंच रुंदीचे गुळगुळीत टायर चढवावेत आणि टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरावी. पायडल सर्वांत खाली असता पाय जवळजवळ सरळ होईल, इतकी बैठक उंच करावी. 'जड' सायकलीची निम्मी तक्रार तेथेच मिटते. मग मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि घंटी. एवढ्यानेही समाधान न झाले तरच स्प्रिंगचा फोर्क काढून साधा पोलादी बसवावा. पण तो उंचीने जुन्याइतकाच हवा, नाहीतर सायकल पुढे झुकते आणि हँडल चंचल होते.

विकू नयेच, असा आमचा आग्रह नाही. फ्रेमच अंगाला लहान किंवा मोठी असेल, तर कोणताही बदल तिला मापात आणू शकत नाही. मागच्या चाकालाही स्प्रिंग असलेल्या सायकलीवर साधे कॅरिअर नीट बसत नाही आणि ती स्प्रिंग काढूनही टाकता येत नाही. सांध्याला चीर गेली असेल, तर धोका उघड आहे. अशी चीर गेलेली सायकल कोणाच्या गळ्यात बांधू नये. बाकीच्या अवश्य विकाव्यात. मात्र चालवणाऱ्याला, उणिवा सांगून विकाव्यात. भंगारवाल्याच्या तराजूत वजनावर घालणे हा सर्वांत शेवटचा मार्ग होय.

या सायकलीचा जन्मच मुळी जुन्याला नवे रूप देण्यातून झाला, ही गोष्ट मोठी मार्मिक आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन परगण्यात 1970 नंतरच्या दशकात काही तरुण 1930-40 च्या काळातील जाड टायरांच्या टाकाऊ सायकली जमवीत, त्यांवर ब्रेक आणि गिअर चढवीत आणि टॅमल्पाइस पर्वताच्या परिसरातील उतारांवर त्या सोडीत. उतारावर मागच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून 1976 च्या शर्यतीला 'रिपॅक' हे नावच पडले. जो ब्रीझ याने या कामासाठी खास नवी फ्रेम बांधली ती त्यानंतर, 1977 मध्ये. त्या तरुणांनी जुने मोडीत काढले असते, तर आज विकायला ही सायकलच नसती!

बालाघाटजवळच्या भरवेलीत मँगनीजची मोठी खाण आहे आणि मँगनीजवाचून पोलाद होत नाही. कोठे कोठे खणलेल्या मातीपासून बनलेली ही पोलादी फ्रेम कोरडी ठेवली, तिला तेलपाणी केले, तर ती दोन पिढ्या टिकते. आपण मात्र तिला दोन वर्षांत जुनी ठरवतो.

यात आणखी एक हिशेब आहे. गावातले सायकल दुरुस्तीचे दुकान केवळ गरिबाच्या पंक्चरवर तग धरू शकत नाही. चार पैसे बाळगून असलेल्या घरांनी सायकली दुरुस्त करणे सोडले की ते दुकान बंद पडते. आणि त्याची झळ लागते ती आपल्याला नव्हे, तर सायकलीवाचून ज्याला कामावर पोहोचताच येत नाही अशा मजुराला. म्हणून आमच्या वाचकाला आमचे सांगणे एवढेच: विकण्याचा निर्णय महिनाभर लांबणीवर टाका. टायर बदला, बैठक उंच करा आणि रोज वैनगंगेपर्यंत जाऊन या. त्यानंतरही सायकल नकोशी वाटली, तर खुशाल विका. निदान घेणाऱ्याच्या हाती चालती सायकल पडेल.