नाशिकची उंची ठरते बंदरात

नाशिकरोड स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ही सपाटी कुठून आली? देशाच्या सर्वेक्षणासाठी १९०९ साली नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदी आधाराला घेतल्या. त्यांत मुंबई होती. मुंबईच्या अपोलो बंदरातल्या नोंदी १८७८ पासूनच्या. हिंदी महासागरात इतकी जुनी मालिका क्वचितच सापडते. जुनं यंत्र अगदी साधं: समुद्राशी बारीक वाटेने जोडलेली उभी विहीर, तिच्यात तरंगा, आणि घड्याळाच्या चालीने फिरणाऱ्या कागदावर रेघ ओढणारी पेन्सिल. लाटांचा धसमुसळेपणा विहिरीबाहेरच राहतो, भरती तेवढी आत येते. पण खरी करामत वर्षानुवर्षं कागद बदलणाऱ्या, घड्याळाला चावी देणाऱ्या माणसांची. आलेखाखाली त्यांची नावं कधी नसतात.

आजही किनाऱ्यासाठी समुद्राच्या प्रादेशिक निरीक्षण यंत्रणेचा विषय निघाला की आधी बोया (मोजणीची तरंगती यंत्रं) आणि रडार यांची यादी होते, देखभालीचं नाव शेवटी. उपग्रह असताना एवढा खटाटोप कशाला, असंही विचारलं जातं. ड्रोनमधून द्राक्षबागेची पानं दिसतात, मुळाशी ओल किती ते कळत नाही, उपग्रहाचंही तसंच. त्याला दिसतो पृष्ठभाग. चक्रीवादळाला बळ मिळतं ते खालच्या थरांपर्यंत मुरलेल्या उष्णतेतून, आणि ती मोजायला पाण्यात उतरावंच लागतं. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने नाशिक जिल्ह्यापर्यंत वारा-पाऊस आणला, म्हणजे समुद्र मोजण्याचा हा प्रश्न फक्त कोळीवाड्यांचा नाही.

हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था ‘इन्कॉइस’ आणि चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था समुद्र मोजण्याचं काम करतातच, मग वेगळं काय हवं? खोल समुद्रातला बोया वादळाची चाहूल देतो; रायगड किनाऱ्यावरच्या राजपुरीच्या खाडीत पाणी किती चढेल, हे मात्र तिथल्या तळाचा उतार, खाडीचं तोंड आणि भरतीची वेळ ठरवते. तेच वादळ ओहोटीला आलं तर पाणी धक्क्याखालीच राहील, उधाणाला आलं तर घरात शिरेल. म्हणून मोजणी बंदरोबंदरी हवी. पण यंत्रं टिकायलाही हवीत: बोयाखाली मासे जमतात, होड्या त्याला दोर बांधतात आणि उपकरणं मोडतात. निव्वळ दंडाने हे थांबणार नाही. कोळी सोसायट्यांनाच राखणीचा मेहनताना द्यावा आणि निविदेतलं पहिलं कलम असावं, यंत्र बंद पडलं तर किती तासांत, कोण दुरुस्त करणार.