विश्लेषण : जमिनीखालची फायबर केबल नेमकी कुठे तुटली, हे कसे शोधतात?

रस्त्याच्या कडेला जेसीबी चालतो आणि काही गावांचे इंटरनेट, बँकेची शाखा, एटीएम एकदम बंद पडते. केबल वीस-पंचवीस किलोमीटर लांब आणि जमिनीत गाडलेली. तिच्यातला काचेचा तंतू केसाएवढा जाड, आणि प्रकाश वाहून नेणारा त्याचा गाभा तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. तरीही दुरुस्ती पथक सगळा रस्ता न खोदता ठरावीक ठिकाणीच खड्डा घेते. हे कसे शक्य होते आणि त्यात चूक कुठे होऊ शकते?

तंतूत प्रकाश किती उरला, हे कसे मोजतात?

त्यासाठी डेसिबल हे एकक वापरतात. ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा, १० डेसिबल म्हणजे दहावा भाग आणि २० डेसिबल म्हणजे शंभरावा भाग. प्रत्यक्ष शक्ती सांगताना १ मिलिवॉटला शून्य डीबीएम मानतात, म्हणून त्याहून कमी प्रकाशाचे आकडे उणे येतात. घरी फायबर जोडणीसाठी आलेला तंत्रज्ञ छोट्या पॉवर मीटरवर उणे २० किंवा उणे २२ असा आकडा पाहतो तो हाच. घरगुती जोडण्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन प्रणालीच्या एका प्रचलित वर्गात उणे २७ डीबीएमपर्यंतचा, म्हणजे सुमारे २ मायक्रोवॉट इतकाच प्रकाश मिळाला तरी जोडणी चालते. आकडा त्याखाली गेला की मॉडेमवरचा लाल दिवा लागतो.

एका टक्क्याची कसोटी कोणती होती?

१९६६ मध्ये इंग्लंडमधील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी एक मर्यादा सांगितली. किलोमीटरभर अंतरानंतर १ टक्का प्रकाश उरला, म्हणजेच घट २० डेसिबल राहिली, तर काचेतून संदेशवहन शक्य होईल. त्या काळच्या काचेत ही घट किलोमीटरला हजार डेसिबलच्या घरात होती. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ही मर्यादा ओलांडली. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला घट किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल आहे. म्हणजे तोच १ टक्का प्रकाश आता १०० किलोमीटरनंतर उरतो. काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

ही घट अचूक मोजण्याची जुनी आणि आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत म्हणजे ‘कटबॅक’. दूरच्या टोकाला प्रकाश मोजायचा, मग सुरुवातीपासून साधारण दोन मीटरवर तंतू कापून तिथे पुन्हा मोजायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे मधल्या तंतूतली घट. कारखान्यात हे ठीक आहे. पण रस्त्याखाली गाडलेली चालू केबल मोजण्यासाठी कापता येत नाही, आणि तुटलेल्या केबलच्या दुसऱ्या टोकाला प्रकाश पोहोचतच नाही.

मग एकाच टोकावरून दोष कसा दिसतो?

याचे उत्तर काचेच्या एका उणिवेत आहे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या घनतेत अतिसूक्ष्म चढउतार असतात. त्यांच्यामुळे प्रकाश थोडाथोडा विखुरतो. याला रॅले विकिरण म्हणतात. आजच्या तंतूतली बहुतेक घट त्यामुळेच होते. या विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग उलट दिशेने परत येतो. १९७६ मध्ये बार्नोस्की आणि जेन्सन या संशोधकांनी हा परतलेला प्रकाश मोजून तंतूची तपासणी करण्याची पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेले यंत्र म्हणजे ऑप्टिकल टाइम डोमेन रिफ्लेक्टोमीटर, बोलीभाषेत ‘ओटीडीआर’.

यंत्रातला सेमीकंडक्टर लेझर प्रकाशाचा क्षणिक स्पंद तंतूत सोडतो आणि परतणाऱ्या प्रकाशाची वेळ मोजतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख ४ हजार किलोमीटर असतो. प्रतिध्वनी १०० मायक्रोसेकंदांनी आला, तर जाणे-येणे मिळून अंतर २०.४ किलोमीटर, म्हणजे दोष १०.२ किलोमीटरवर. परतलेला प्रकाश फारच क्षीण असल्याने यंत्र हजारो स्पंद सोडून त्यांची सरासरी काढते.

पडद्यावरचा आलेख कसा वाचतात?

निरोगी तंतूचा आलेख डावीकडून उजवीकडे संथपणे उतरणारी सरळ रेषा असते. दोन तंतू वितळवून जोडलेल्या ठिकाणी, म्हणजे स्प्लाइसवर, छोटी पायरी दिसते. कनेक्टरवर उंच टोक आणि मग पायरी दिसते. तंतू तुटला असेल तिथे रेषा एकदम तळाला जाते. तुटलेल्या टोकाला पाणी लागले असेल किंवा ते वाकडे तुटले असेल, तर उंच टोक दिसेलच असे नाही.

केबल तुटली नसून नुसती मुरगळली असेल, तर तेही ओळखता येते. वाकलेल्या तंतूतून १५५० नॅनोमीटरचा प्रकाश १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा जास्त गळतो. म्हणून एकच पायरी १५५० वर मोठी आणि १३१० वर लहान दिसली, की संशय मुरगळीवर जातो. अशा वेळी केबल कापण्याऐवजी सरळ केली तरी काम भागू शकते.

स्पंद किती लांब ठेवायचा, याचीही निवड असते. १० नॅनोसेकंदांचा स्पंद मीटरभर अंतरावरचे दोन दोष वेगळे दाखवू शकतो, पण लांबवर पोहोचत नाही. १० मायक्रोसेकंदांचा स्पंद दूर पोहोचतो, मात्र किलोमीटरभरातले दोष एकमेकांत मिसळतात.

आकडा बरोबर असूनही खड्डा चुकीच्या जागी का पडतो?

ओटीडीआर तंतूची लांबी सांगतो, रस्त्याची नाही. केबलच्या आत तंतू थोडा पीळ घेऊन सैल बसवलेला असतो, त्यामुळे तो केबलपेक्षा किंचित लांब असतो. शिवाय पुढच्या दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात. यंत्रात काचेचा अपवर्तनांक १.४६८ ऐवजी १.४६० भरला, तरी ५० किलोमीटरवर सुमारे पावणेतीनशे मीटरचा फरक पडतो.

म्हणून अनुभवी पथक सुरुवातीपासूनचे अंतर न धरता दोषाच्या सर्वांत जवळचा माहितीतला स्प्लाइस आलेखावर शोधते आणि तिथून पुढचे थोडेच अंतर मोजते. शक्य असल्यास दुसऱ्या टोकावरूनही मोजणी करतात. यासाठी केबल टाकतानाच्या नोंदी आणि त्या वेळचे आलेख जपलेले असावे लागतात. नोंदी नसतील तर महागडे यंत्रही अंदाजच देते.

लेझरचीही मोजणी का करावी लागते?

दर वेळी दोष केबलमध्येच असतो असे नाही. लेझर डायोडला हळूहळू वीजप्रवाह वाढवत नेला, तर ठरावीक मर्यादेपर्यंत प्रकाश नगण्य असतो आणि त्यानंतर झपाट्याने वाढतो. या मर्यादेला उंबरठा प्रवाह म्हणतात. लेझर तापला किंवा जुना झाला की हा उंबरठा वर सरकतो. म्हणून उत्पादक प्रवाह, व्होल्टेज आणि प्रकाश यांचा आलेख वेगवेगळ्या तापमानांना काढतात. तरंगलांबीही तापमानाबरोबर सरकते, साधारण एका अंश सेल्सिअसला ०.१ नॅनोमीटर. एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींवर संदेश पाठवताना दोन वाहिन्यांत अनेकदा जेमतेम ०.८ नॅनोमीटर अंतर असते. म्हणजे आठ अंशांच्या फरकाने लेझर शेजारच्या वाहिनीत घुसेल. ते टाळण्यासाठी त्याचे तापमान सतत नियंत्रित ठेवतात.

समुद्राखालच्या केबलचे काय?

जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. अशा लांब केबलवर ठरावीक अंतराने प्रकाशवर्धक बसवलेले असतात आणि ते प्रकाश एकाच दिशेने जाऊ देतात. त्यामुळे साध्या ओटीडीआरला पहिल्या वर्धकापलीकडचे दिसत नाही. परतणारा प्रकाश जोडीच्या दुसऱ्या तंतूतून आणण्याची सोय वर्धकांतच करून ठेवतात आणि खास यंत्राने तो मोजतात.

जमिनीवर मात्र केबल तुटू न देणे हाच स्वस्त उपाय. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप त्यासाठीच सुरू केले. खोदकाम करणाऱ्याने आधी कळवले, तर केबलचा मालक त्याला जागा दाखवू शकतो. घरात तंतू तुटलेला दिसला, तर त्याच्या टोकात डोकावून पाहू नये. हा प्रकाश अवरक्त असल्याने तो चालू असला तरी डोळ्यांना दिसत नाही. मोजणी पॉवर मीटरनेच करावी.