जिवतीचा पहाड आणि हजार फायली

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडावर सागाला पालवी कधी फुटली, पऱ्हाटीने रान कधी झाकलं, हे तिथला शेतकरी बघून सांगतो. पण हे वेळापत्रक वीस-बावीस वर्षांत सरकलं का, हे तालुकाभर मोजायचं तर उपग्रहाच्या नोंदी लागतात. नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर खातं उघडलं की त्या फुकट उतरवता येतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

डिसेंबर १९९९ मध्ये सुटलेल्या टेरा उपग्रहावर मोडिस नावाचा संवेदक आहे. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषतं आणि अवरक्त परतवतं. या दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा आकडा मिळतो. मोडिसच्या नोंदींतून दर १६ दिवसांचा एक, म्हणजे वर्षाला २३ नकाशे तयार होतात. नकाशातला एक ठिपका सुमारे २५० मीटरचा.

नासाने या नकाशांसाठी पृथ्वीचे चौकटींत तुकडे केले आहेत, आणि दोन चौकटींमधली २० अंश उत्तर अक्षांशाची रेघ चंद्रपूर जिल्ह्यातूनच जाते. ताडोबाचं जंगल पडतं एच२५व्ही०६ चौकटीत, जिवती एच२५व्ही०७ मध्ये. दोन्हींची तुलना करायची तर २००१ ते २०२३ या वर्षांच्या १,०५८ फायली होतात. माउसने एकेक उघडून हे काम करू नये असं माझं ठाम मत आहे. वेळ जातो म्हणून नव्हे, तर चारशेव्या फायलीला पहिल्या फायलीसारखीच वागणूक मिळाली का, हे नंतर कुणालाच तपासता येत नाही म्हणून. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक पायरी लिहिलेली असते.

फायलीचं नाव नीट वाचा. त्यातलं ए२०१९१९३ म्हणजे २०१९ सालचा १९३वा दिवस, १२ जुलै. लीप वर्षात तोच आकडा ११ जुलै होतो. नावाच्या शेवटी फाइल तयार झाल्याची वेळ असते आणि ती दोन चौकटींसाठी वेगळी असते. म्हणून बॅश या स्क्रिप्टच्या भाषेतलं फॉर-लूप, म्हणजे त्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा करणारी आज्ञा, फायलींवरून नव्हे, तारखांवरून फिरवा, आणि शेवटच्या वेळेच्या जागी तारकाचिन्ह (*) ठेवा. एका तारखेच्या दोन फायली सापडल्या नाहीत, तर ती तारीख नोंदवहीत, म्हणजे लॉग फायलीत, लिहून लूप पुढे जाऊ द्या.

लूपच्या पोटातलं काम जीडाल करतं. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेलं हे मोफत साधन. जीडाल-इन्फो फायलीतले थर दाखवतं, जीडाल-बिल्डव्हीआरटी दोन चौकटी जोडतं, जीडालवार्प तिरका दिसणारा नकाशा यूटीएम ४४ पट्ट्यात सरळ बसवतं आणि जिल्ह्याच्या हद्दीवर कापतं. हद्दीची फाइल इथे विचारपूर्वक निवडावी लागते. जिवतीतल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचाही दावा आहे. तुमच्या फायलीतली रेघ ती गावं आत घेते की बाहेर, हे निकालासोबत लिहायलाच हवं.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो विश्वासार्हतेच्या थराला. पहाडावर जुलै-ऑगस्टमध्ये ढग बसून असतात, आणि आपल्याला हवा असलेला पालवीचा काळ नेमका त्याच्या आसपासचा. या थरात ० म्हणजे चांगला ठिपका, १ म्हणजे चालण्याजोगा, २ बर्फ, ३ ढग. जीडाल-कॅल्कने ० आणि १ ठेवा, बाकीचे रिकामे करा, आणि हे ठिपक्यांची सरासरी काढण्याआधी करा. ढगाचा कमी आकडा सरासरीत मिसळला, तर पालवी उशिरा फुटल्याचा भास होतो. हा थर वार्प करताना ‘सर्वांत जवळचा ठिपका’ हीच पद्धत द्या. ० आणि ३ यांच्या मधला १.५ असा ठिपका प्रत्यक्षात नसतोच. मग एनडीव्हीआयच्या थरातला उणे ३,००० हा रिकाम्या जागेचा आकडा वगळा आणि उरलेल्यांना ०.०००१ ने गुणा. ६,५०० चे ०.६५ होतात.

आधी एकाच तारखेवर चालवा. निकाल क्यूजीआयएस या नकाशे दाखवणाऱ्या साधनात उघडा आणि गडचांदूरजवळचा अमलनाला जलाशय बघा. पाण्यावर आकडा अगदी कमी किंवा उणे यायला हवा. तो जागेवर नसेल तर जोडणी किंवा पट्टा चुकला आहे. जुळलं की सगळ्या ५२९ तारखा सोडा. निकालाची फाइल आधीच असेल तर ती तारीख वगळ, अशी एक अट लूपच्या सुरुवातीला घाला. मग मध्येच वीज गेली, तरी अर्धवट लिहिलेली शेवटची फाइल पुसून काम तिथूनच पुढे चालू करता येतं. शेवटी लॉग उघडा, राहिलेल्या तारखांच्या फायली पुन्हा उतरवा आणि तीच स्क्रिप्ट परत चालवा. ती फक्त राहिलेल्या जागा भरेल.