खांदेरी-उंदेरी: समोरासमोरचे दोन किल्ले

भिवंडीतून बोलतोय. आज आपल्या खाडीकडे बघून पटणार नाही, पण शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात याच भागात झाली. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्या खाड्यांमध्ये लढाऊ गलबतं बांधायचं काम सुरू झालं.

त्या आरमाराची मोठी परीक्षा झाली बावीस वर्षांनी, खांदेरीवर. अलिबागजवळच्या थळसमोरचं हे छोटंसं बेट, अगदी मुंबई बंदराच्या तोंडाशी. म्हणजे इथे तोफा चढल्या की मुंबईच्या इंग्रजांच्या दारातच पहारा बसला!

ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी दीडशे माणसं घेऊन बेटावर उतरले. तटाचं काम सुरू झालं. इंग्रजांनी लगेच जहाजं पाठवून वेढा घातला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढवला. इंग्रजांचं 'डव्ह' हाती लागलं, त्यांची बरीच जहाजं पळाली. पण 'रिव्हेंज' एकटं टिकलं आणि मराठ्यांनाच मागे फिरावं लागलं.

मग किल्ला वाचला कसा? इथेच खरी गंमत आहे. मोठ्या जहाजाला वारा लागतो, खोल पाणी लागतं. मराठ्यांच्या होड्या वल्ह्यांवर चालायच्या, उथळ पाण्यातूनही निघायच्या. रात्री अंधारात त्या गुपचूप बेटावर रसद पोचवत राहिल्या. वेढा होता, पण गळका! शेवटी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेऊन तह केला.

इंग्रजांच्या मदतीला आलेल्या सिद्दीने मात्र शेजारच्या उंदेरीवर स्वतःचा तट उभारला. मग काय, दोन बेटं, दोन सत्ता, तोफा एकमेकांवर रोखलेल्या.

आज खांदेरीवर १८६७ चं दीपगृह आहे, वेताळाचं मंदिर आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरीही आहे. उंदेरी नाही. तिथे तट ढासळतोय, झाडंझुडपं माजलीत.

मला विचाराल तर उंदेरीही तितकीच जपायला हवी. समोर शत्रूचा किल्ला होता, म्हणून तर खांदेरी टिकवणं इतकं अवघड होतं. तो पडून गेला तर निम्मी गोष्ट जाईल. पावसाळा संपल्यावर थळला गेलात, तर किनाऱ्यावरून दोन्ही बेटं नीट बघा. कोणतं कुणाचं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

भेटू पुढच्या भागात!