देश नव्हे, प्रवेश मोजा

समुद्रसफरीची पूर्वतयारी : लेखांक ५

केबिन कोणती घ्यावी, याचा हिशेब गेल्या आठवड्यात मांडला. केबिन ठरली आणि पैसे भरले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : राहायचं जहाजावर, जेवायचं जहाजावर, झोपायचं जहाजावर. बंदरात चार-सहा तास उतरायचं आणि संध्याकाळी परत. मग व्हिसा कशाला?

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र ‘लागतो’ किंवा ‘लागत नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही, कारण ते पासपोर्टावर अवलंबून असतं. आईवडील पुण्याहून येतात, मुलगी न्यू जर्सीहून येते आणि तिघं एकाच सहलीला निघतात, हे आता घरोघरी दिसतं. अमेरिकन पासपोर्टवरच्या मुलीला जपानमध्ये आठवडाभर फिरायला व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टवरच्या आईवडिलांना लागतो. व्हिएतनाममध्ये मात्र तिघांनाही लागतो. त्यामुळे ‘आमच्या शेजारच्यांना लागला नव्हता’ ही माहिती ऐकून घ्यावी, तिच्यावर विसंबून तिकीट काढू नये.

तीन कागद, तीन कामं

पहिला कागद व्हिसा. तो त्या देशाचं सरकार देतं आणि तो तुमच्या नावावर असतो. दुसरा, आगमनाचं ऑनलाइन कार्ड : सिंगापूरचं ‘एसजी अरायव्हल कार्ड’, मलेशियाचं ‘एमडॅक’, थायलंडचं १ मे २०२५ पासून सुरू झालेलं ‘टीडॅक’. ही कार्डं सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतात, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. कार्ड भरून देण्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळंही भरपूर आहेत. ती सरकारी नसतात.

तिसरा कागद सहसा तुमच्या हाती येतच नाही. ती असते जहाजाच्या प्रवाशांना बंदरात उतरण्याची परवानगी. तिच्यासाठीची खटपट जहाजकंपनी किंवा तिचा स्थानिक एजंट करतो. गोंधळ होतो तो इथे. एखाद्याने ‘क्रूझवाल्यांना जपानमध्ये व्हिसा लागत नाही’ असं सांगितलं, तर तो बहुधा या परवानगीबद्दल बोलत असतो. तिच्या अटींकडे पुढे येतोच.

सिंगापूरहून सिंगापूरला

भारतीयांची सगळ्यांत आवडती फेरी घेऊ : सिंगापूर, पोर्ट क्लांग, पेनांग, फुकेत आणि पुन्हा सिंगापूर. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांची व्हिसामाफी दिली आणि तिची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये माफी दिली, जुलै २०२४ मध्ये तीस दिवसांचे साठ केले आणि पुढच्याच वर्षी मुदत कमी करण्याची चर्चाही सुरू केली. सवलत आदेशाने येते आणि आदेशाने जाते, म्हणून तिची तपासणी बुकिंगच्या दिवशी एकदा आणि निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा एकदा करायची.

राहिला सिंगापूर. तिथे भारतीयांना आधी व्हिसा काढावाच लागतो. विमानाने उतरलात, हा पहिला प्रवेश. जहाजावर चढताना इमिग्रेशन झालं, म्हणजे तुम्ही देशाबाहेर गेलात. चार दिवसांनी त्याच धक्क्यावर परतलात, की हा दुसरा प्रवेश. व्हिसाच्या प्रिंटवर प्रवेश एक लिहिला आहे की अनेक, हे म्हणून आधी वाचायचं. भारतीयांना बहुतेक वेळा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळतो. पण बहुतेक वेळा म्हणजे दर वेळी नव्हे. आगमनाचं कार्डही दोनदा भरायचं : विमानासाठी एक आणि जहाजाने परतताना दुसरं. हे दुसरं कार्ड हमखास विसरलं जातं, कारण तोवर सहल संपत आलेली असते आणि सगळं लक्ष परतीच्या विमानाकडे लागलेलं असतं.

बुसान वाटेत का येतं?

आता खरी गुंतागुंत. योकोहामाहून निघून योकोहामालाच परतणाऱ्या जपानच्या सहलींची पत्रकं पाहिलीत, तर सगळी बंदरं जपानी आणि मध्येच एक दक्षिण कोरियातलं बुसान, असं वारंवार दिसेल. प्रवाशाला वाटतं, चला, एक देश जास्तीचा मिळाला. कारण निराळं आहे. जपानचा १८९९ सालचा जहाजविषयक कायदा परदेशी निशाणाच्या जहाजांना जपानच्याच दोन बंदरांमध्ये प्रवाशांची ने-आण करू देत नाही. मोठी क्रूझ जहाजं बहुधा बर्म्युडा, बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली असतात. त्यांना फेरीत एक परदेशी बंदर घ्यावं लागतं आणि सगळ्यांत जवळचं सोयीचं बंदर म्हणजे बुसान.

जहाजकंपनीची अडचण अशी सुटते आणि आपली सुरू होते. समजा, फेरी अशी आहे : योकोहामा, कोबे, कोची (केरळातलं नव्हे, शिकोकू बेटावरचं), बुसान, नागासाकी, योकोहामा. टोकियोला विमानातून उतरलात, तेव्हा जपानमध्ये पहिला प्रवेश झाला. कोबे आणि कोची त्यातच धरली जातात. बुसानला गेलात, की जपान सुटला. नागासाकीला जपानमधला दुसरा प्रवेश. हातात एका प्रवेशाचा व्हिसा असेल, तर तो टोकियोच्या विमानतळावरच संपलेला असतो. अर्ज करतानाच दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागायचा आणि अर्जाला जहाजाचं पूर्ण वेळापत्रक जोडायचं. नुसतं ‘जपान, दहा दिवस, पर्यटन’ असं लिहिलं, तर दूतावासातल्या माणसाला मधलं बुसान दिसणार कसं?

नियम एका ओळीत सांगायचा तर, बंदरांची यादी क्रमाने लिहा. एखाद्या देशाचं नाव मध्ये दुसरा देश येऊन पुन्हा आलं, की प्रवेश एकाने वाढला. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी प्रवाशालाही हाच हिशेब लागू होतो. मुंबई, मुरगाव, कोची हा एक प्रवेश. कोलंबोला जाऊन पुन्हा चेन्नईला लागला, की दुसरा.

उतरण्याची परवानगी : सोय आणि तिची शेपटी

क्रूझच्या प्रवाशांना व्हिसाशिवाय उतरू देण्याची सोय पूर्व आशियात तीन मोठ्या देशांनी केली आहे. दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये क्रूझ पर्यटकांना तीन दिवसांपर्यंत उतरण्याची परवानगी आणली. जपानने १ जानेवारी २०१५ पासून, तिथल्या न्याय मंत्रालयाने मान्य केलेल्या जहाजांसाठी, अशी सोय सुरू केली. चीनने १५ मे २०२४ पासून शांघाय, तिआनजिन, शियामेन, सान्यासह किनाऱ्यावरची १३ बंदरं क्रूझने येणाऱ्या परदेशी गटांना १५ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय खुली केली. गट किमान दोघांचा असावा आणि तो चिनी पर्यटन संस्थेमार्फत आलेला असावा, ही अट.

वाचायला छान वाटतं. पण या सोयींना एक शेपटी आहे. परवानगी जहाजाला बांधलेली असते. त्याच जहाजाने आलात, त्याच जहाजाने जायचं. त्यामुळे जिथे सहल सुरू होते किंवा संपते, तिथे तिचा उपयोग नाही. सिंगापूरहून निघालेलं जहाज वाटेत नागासाकीला थांबलं, तर ती चालू शकते. तेच जहाज योकोहामाला सहल संपवून तुम्हाला विमानाकडे सोडणार असेल, तर जपानचा व्हिसा हवाच. शांघायहून निघून शांघायलाच परतायचं असेल, तर चीनचा व्हिसा हवा आणि तोही दोन प्रवेशांचा. हाँगकाँगची मोजणीही वेगळी : शांघायहून हाँगकाँगला गेलात म्हणजे चीनच्या मुख्य भूमीतून बाहेर पडलात.

आणखी एक गोष्ट. बाजारात रेंगाळलात आणि जहाज सुटलं, तर साधा व्हिसावाला माणूस पुढचं बंदर विमानाने गाठतो. परवानगीवर उतरलेल्या माणसाच्या पायाखालचा कागदच जहाजाबरोबर निघून गेलेला असतो. अशा बंदरात जहाजाच्या घड्याळापेक्षा तासभर आधी परतावं.

व्हिएतनाम आणि हाँगकाँग

व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा सगळ्या देशांच्या नागरिकांना खुला केला. मुदत ९० दिवसांपर्यंत. एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०. हा लाँग, चान मे आणि फू मी ही तिन्ही बंदरं लागोपाठ घेतली, तर प्रवेश एकच. पण मध्ये कंबोडियाचं सिहानुकविल घेऊन जहाज पुन्हा व्हिएतनामच्या बंदराकडे वळत असेल, तर ५० डॉलरचा व्हिसा घ्या. अर्जात देशात कोणत्या नाक्यावरून येणार, हे निवडावं लागतं. यादीत विमानतळ, जमिनीवरचे नाके आणि बंदरं असे वेगवेगळे पर्याय असतात. हा लाँगच्या बंदराचं नाव तिथे ‘होन गाय’ असं मिळतं. ते ओळखीचं वाटत नाही म्हणून हनोईचा विमानतळ निवडू नका.

हाँगकाँगला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण जानेवारी २०१७ पासून येण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करून तिची प्रिंट जवळ ठेवावी लागते. नोंदणी फुकट आहे, सहा महिने चालते आणि एका वेळी १४ दिवस राहता येतं.

‘आम्ही उतरणारच नाही’

हा युक्तिवाद धक्क्यावरच्या काउंटरवर चालत नाही. कागद अपुरे असलेला प्रवासी आणला, तर त्याला परत नेण्याचा भार आणि अनेकदा दंडही जहाजकंपनीवर पडतो. म्हणून ती चढण्यापूर्वीच सगळ्या बंदरांचे कागद तपासते आणि एक जरी कमी असला, तरी चढू देत नाही. काही बंदरांत तर न उतरणाऱ्यांनाही अधिकाऱ्यापुढे उभं राहावं लागतं. कागदांची जबाबदारी प्रवाशाची, हे कंपनीच्या अटींत लिहिलेलंच असतं. अशा वेळी पैसे परत मिळत नाहीत. एजंटाने ‘होऊन जाईल’ म्हटलं, तर हसून ‘लेखी द्या’ म्हणावं.

आपल्या नावांचंही एक दुखणं आहे. मराठी माणसाच्या पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव ‘गिव्हन नेम’ या एकाच रकान्यात बसतं. क्रूझच्या बुकिंगमध्ये मधलं नाव गाळलं जातं, व्हिसावर ते येतं आणि काउंटरवर दोन कागदांवर दोन माणसं दिसतात. बुकिंग, व्हिसा आणि आगमनाची कार्डं, सगळीकडे पासपोर्टातलं नाव अक्षरशः उतरवा. पासपोर्टाची मुदत सहल संपल्यानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी.

कामाचा क्रम असा ठेवा : बंदरांची यादी क्रमाने लिहा. प्रत्येक देशापुढे प्रवेश मोजा. जहाजकंपनीला ईमेल करून भारतीय पासपोर्टसाठी कुठे व्हिसा, कुठे कार्ड आणि कुठे कंपनीची परवानगी, हे लेखी विचारा. उत्तर त्या त्या दूतावासाच्या संकेतस्थळाशी ताडून पाहा. जपान-कोरियासारख्या सहलीला हे सगळं पैसे भरण्याआधी करायचं, कारण तिथे व्हिसाचा खर्च आणि वेळ धरूनच सहल स्वस्त की महाग, हे ठरतं.

पुढील लेखांकात : बंदरावरच्या सहली जहाजाकडून घ्याव्यात की स्वतः ठरवाव्यात?